त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा

परदेशी सरकारला त्याचाच फॉर्म चुका दाखवून परत पाठवणारा माणूस जगात बहुधा एकच असावा, आणि तो आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. हे त्यांनी गंमत म्हणून केलं असं कुणी समजू नये. गंमत हा प्रकार त्रुटीसाहेबांना मुळातच मान्य नाही.

पाणीखात्यात चौतीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ज्याला घरात नळ हवा त्याचा अर्ज त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि बहुतेक वेळा आला त्याच वाटेनं परत जायचा. कोपऱ्यात लाल शाईनं, बारीक वळणदार अक्षरात शेरा असायचा : 'त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा.' त्यावरूनच हे नाव पडलं. लाच त्यांनी कधी घेतली नाही आणि ओळख कधी पाहिली नाही. सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला, तेव्हा मेव्हणा शेवटी विहीर असलेलं घर बघून तिकडे राहायला गेला. तो अजून साहेबांशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

अशा माणसावर स्वतः अर्ज भरायची पाळी आली. एकुलती एक मुलगी परदेशात स्थायिक झालेली. तिथलं सरकार दरवर्षी मोजक्याच आईवडिलांना कायमचं राहायला येऊ देतं. मुलीनं चार वर्षांपूर्वी नाव घातलं होतं, ते या वर्षी निघालं, आणि नेमकी याच वर्षी ती बाळंत होणार होती. जावई जहाजावर इंजिनियर, त्या महिन्यात ते भर समुद्रात असणार. राहण्याचा अर्ज चालू असला की पाहुणा म्हणून जाण्याचा व्हिसा मिळत नाही, हा तिथला कायदा. त्यात मुख्य अर्जदार साहेब, आणि वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, त्यांच्या अर्जाची पुरवणी. म्हणजे साहेबांचं घोडं अडलं की वहिनींचंही अडलं.

"बाबा, बाळ यायला पाच महिने आहेत," मुलगी फोनवर म्हणाली. "अर्ज मंजूर व्हायला तीन महिने लागतात. वेळ आहे, पण फार नाही. ऑनलाइन भरा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. नाहीतर मी इथून भरते."

"ज्यावर शाई नाही त्याला अर्ज म्हणत नाहीत," साहेब म्हणाले. "कोरा फॉर्म टपालानं पाठव."

"अहो, भरू दे की तिला," वहिनी म्हणाल्या.

"अर्जदार कोण आहे?"

अर्जदार साहेबच होते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

फॉर्म आला तो बेचाळीस पानांचा. साहेबांनी जेवणाचं टेबल रिकामं करून घेतलं, त्यावर जुना टेबलक्लॉथ अंथरला, दोन पेनं, एक फूटपट्टी आणि टाचण्यांची डबी मांडली आणि सकाळी दहाला बसले. दीडला जेवायला उठायचे, अडीचला परत बसायचे, साडेपाचला पेनाचं टोपण लावायचे. निवृत्त झाल्यापासून इतके आनंदात ते कधी दिसले नव्हते. मात्र हा आनंद नवव्या पानापर्यंतच टिकला. तिथं विचारलं होतं : 'एखादं सरकार उलथून टाकण्याच्या प्रयत्नात आपण कधी भाग घेतला आहे काय?'

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला विचारतात? मला? चौतीस वर्षं ज्यानं सरकार चालवलं त्याला विचारतात, उलथून टाकलंस का म्हणून?"

"'नाही' लिहा आणि पुढे चला," वहिनी भांडी लावता लावता म्हणाल्या.

चौतीस वर्षं त्यांनी सरकार नव्हे, पाणीखात्यातलं एक टेबल चालवलं होतं. पण रागात माणसाचा हुद्दा आपोआप वाढतो. त्यांनी 'नाही' लिहिलंच, आणि समाधान होईना म्हणून समासात 'प्रश्न अप्रस्तुत' असंही लिहिलं.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे रिटर्नकाका उतरले. हे गृहस्थ पंधरा वर्षांपूर्वी बारा दिवस परदेशात जाऊन आले होते आणि त्या बारा दिवसांच्या शिदोरीवर त्यांनी ही पंधरा वर्षं काढली होती. कुठे व्हिसाचा वास आला की ते न बोलावता हजर होत.

"हेडक्लार्क काय लिहिताय?" त्यांनी फॉर्ममध्ये डोकं घालून विचारलं. "तिकडे क्लार्क म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणारा. तुम्ही जलव्यवस्थापन तज्ज्ञ लिहा."

"मी तज्ज्ञ नव्हतो."

"ते त्यांना काय माहीत? आणि 'येण्याचा उद्देश' यात मुलीचं बाळंतपण अजिबात लिहू नका. त्यांना वाटतं, आले की जाणार नाहीत."

"आम्ही राहण्यासाठीच अर्ज करतोय."

"तरीसुद्धा," काका म्हणाले. या 'तरीसुद्धा'ला जगात कुणाकडेच उत्तर नाही. ते चहा पिऊन वर गेले आणि साहेबांनी हेडक्लार्क या शब्दाखाली फूटपट्टीनं रेघ ओढली.

घात केला तो सतराव्या पानानं. त्या पानावर एकतिसावा प्रश्न दोनदा छापलेला होता. पहिल्या एकतीसमध्ये पूर्वीचे पत्ते मागितले होते आणि दुसऱ्या एकतीसमध्ये पूर्वीचे आजार. साहेबांनी चष्मा पुसला. मग पुढे पाहिलं, तर बाविसाव्या पानावर 'परिशिष्ट घ पाहावे' असं होतं, आणि परिशिष्टं ग पर्यंतच होती. त्यांनी बेचाळीसही पानं तीनदा चाळली. परिशिष्ट घ नव्हतंच. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज आलं, ते वहिनींनी लग्नातही पाहिलं नव्हतं असं त्या नंतर सांगत होत्या.

आता दुसरा कुणी असता तर पहिल्या एकतीसमध्ये पत्ते, दुसऱ्यात आजार लिहून मोकळा झाला असता. पण सदोष कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, हे साहेबांच्या रक्तातच होतं. त्यांनी स्वच्छ दोन पानांचं पत्र लिहिलं, दोन्ही दोष क्रमांक घालून दाखवले, फॉर्मच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात लाल शाईनं आपला नेहमीचा शेरा मारला आणि तो सगळा गठ्ठा पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं त्या देशाच्या कचेरीला रवाना केला. घरी येऊन ते "पाठवला," एवढंच म्हणाले. हेही खोटं नव्हतं. वहिनींनी मुलीला फोन करून अर्ज गेल्याचं कळवलं आणि लोकर आणून टोपडं विणायला घेतलं.

पाच आठवडे गेले. टोपडं झालं, मोजे झाले, स्वेटरची पाठ झाली. तेव्हा मुलीचा फोन आला.

"बाबा, त्यांच्याकडे तुमचा अर्ज दिसतच नाहीये. पावतीचा नंबर सांगा."

"कसला नंबर? दुरुस्ती होऊन फॉर्म अजून आलाच नाही."

"कसली दुरुस्ती?"

मग साहेबांनी तिला एकतिसावा प्रश्न आणि परिशिष्ट घ यांची हकिकत सविस्तर सांगितली.  ती ऐकून मुलगी म्हणाली, "आईला द्या." वहिनींनी फोन कानाला लावला, दोन मिनिटं ऐकलं, "बरं, तू काळजी करू नकोस" म्हणाल्या आणि फोन ठेवला. साहेबांना वाटलं आता बोलणी बसणार. मनातल्या मनात त्यांनी उत्तरंही तयार केली. वहिनी मात्र उठल्या. त्या आत गेल्या, पाठकोऱ्या कागदाचा एक चतकोर घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि टेबलावर फूटपट्टीखाली ठेवला.

या चतकोरांविषयी सांगायला हवं. लग्नानंतर पंधरा दिवसांत स्वयंपाकघरातला नळ गळू लागला होता. वहिनींनी दोनदा सांगितलं, साहेब दोनदा विसरले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तोंडी तक्रारीची दखल घेता येत नाही. लेखी दे." वहिनी तेव्हा वीस वर्षांच्या होत्या, आणि त्याही काही कमी नव्हत्या. त्यांनी खरोखरच कागद घेतला आणि लिहिलं, 'विषय : पाणीखात्यातील माणसाच्या घरचा नळ गळत असल्याबाबत.' साहेबांनी त्यावर 'पाहणी करण्यात येईल' असा शेरा मारला आणि संध्याकाळी नळ दुरुस्त केला. तेव्हापासून अडतीस वर्षं घरात हाच शिरस्ता चालत आला होता. महत्त्वाचं काही असेल तर वहिनी लेखी देत, साहेब शेरा मारत आणि चिठ्ठी वर्षवार फाइलला लावून टाकत.

आजच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'विषय : माझी मुलगी.' खाली मजकूर नव्हता.

साहेबांनी पेन उघडलं.  चौतीस वर्षांत लाखभर शेरे मारलेल्या त्या माणसाला एकही शेरा सुचेना. त्यांनी पेन बंद करून खिशाला लावलं. त्यांना वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणाचा करायचा हेच ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी तो परदेशी सरकारचा केला.

दोन दिवसांनी त्या सरकारचं पाकीट आलं. आत दोन ओळींचं छापील कार्ड होतं : आपण पाठवलेला फॉर्म जुन्या आवृत्तीचा असून सोबतची नवी आवृत्ती वापरावी. नव्या आवृत्तीत एकतिसावा प्रश्न एकदाच होता आणि परिशिष्ट घ जागच्या जागी होतं.

"बघ, सुधारलं की नाही?" साहेब स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले.  वहिनींनी अबोला धरलेला होता.

नवी आवृत्ती अठ्ठावन्न पानांची होती. शेवटची तारीख अकरा दिवसांवर आली होती, आणि त्यानंतर आलेले अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी, म्हणजे आणखी चार वर्षांनी. आणि वाढलेली सोळाच्या सोळा पानं लग्नावर होती. लग्नाचा दाखला तर हवाच. शिवाय 'हा विवाह खरा असून आजतागायत चालू आहे' याचे पुरावे हवे होते. दोघांचे एकत्र फोटो, एकमेकांना लिहिलेली पत्रं, किंवा वेळोवेळचा इतर पत्रव्यवहार. जास्तीत जास्त शंभर कागद, अधिकृत भाषांतरासह.

साहेब खुर्चीतून उठले. अडतीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या बायकोचा पुरावा मागणारं सरकार त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ती आपली बायको नाही तर मग घरात अडतीस वर्षं आपल्याला कोण ओरडतंय, असं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? या दोघांना इथं समोर उभं करा आणि पाच मिनिटं बोलताना ऐका, लग्न खरं आहे की नाही ते आंधळ्यालाही कळेल. पण ऐकणार कोण? अन्याय तो अन्यायच, आणि साहेबांवर तो प्रथमच होत असल्यानं त्यांना तो फारच मोठा वाटला.

घर धुंडाळण्यात चार दिवस गेले, पण दोघांचा एकत्र फोटो म्हणावा तर एकही नव्हता. लग्नातला फोटोवाला कॅमेऱ्यात रीळ घालायलाच विसरला होता, आणि साहेबांनी त्याच्याशी त्याबद्दल वर्षभर पत्रव्यवहार केला होता. पुढे घरात कॅमेरा आला, पण तो नेहमी साहेबांच्याच हातात. त्यामुळे फोटोंत वहिनी आहेत, मुलगी आहे, एका फोटोत मेव्हणासुद्धा आहे, पण साहेब कुठेच नाहीत.

रिटर्नकाका परत आले. "हे तर फारच सोपं आहे," ते म्हणाले. "आज दुपारी उरकू. माझ्याकडे फोन आहे. चार शर्ट काढा, वहिनी, तुम्ही चार साड्या काढा. एक गच्चीवर, एक जिन्यात, एक माझ्या बाल्कनीत कुंड्यांसमोर. मागे चादर बदलली की वर्ष बदललं. तारखा मी फोनमध्ये मागच्या घालतो."

वहिनी आत गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

"बनावट पुरावा?" साहेब गरजले. "माझ्या घरात? मी एकही फोटो काढून घेणार नाही. तारखा मागच्या घालणार म्हणे. अहो, एका माणसानं मागची तारीख घातली म्हणून मी त्याची नळजोडणी सात महिने रोखून धरली होती."

"तरीसुद्धा," काका म्हणाले, पण या वेळी त्यात दम नव्हता. आत वहिनींनी पलंगावर दोन साड्या काढून ठेवल्या होत्या, एक निळी आणि एक ठेवणीतली जांभळी. त्या त्यांनी घडी न मोडता परत कपाटात ठेवल्या. साहेबांनी हे दारातून पाहिलं, पण तत्त्वाच्या भरात त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला नाही.

संध्याकाळी 'विषय : माझी मुलगी' ही चिठ्ठी फाइलला लावावी म्हणून ते कपाटाशी गेले, कारण शेरा सुचो न सुचो, कागद उघडा ठेवणं त्यांना सहन होत नसे. समोर अडतीस फायली उभ्या होत्या. 'वेळोवेळचा इतर पत्रव्यवहार.' काखेत कळसा आणि गावाला वळसा. सहाशेत्रेचाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तारीख, दोघांच्या सह्या आणि शेरा.

"अगं," ते बाहेर येऊन म्हणाले, "शंभरच न्यायच्या आहेत. तू निवड."

वहिनींनी मान हलवली. रात्रीच्या जेवणाआधीच त्यांनी शंभर चिठ्ठ्या काढून दिल्या. साहेबांनी त्या न तपासता दोऱ्यात ओवल्या. न तपासता कागद पुढे जाऊ देण्याची ही त्यांची आयुष्यातली पहिली वेळ, आणि तीच अंगाशी आली.

अधिकृत भाषांतरकार इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत बसत. खोलीत एक टेबल, एक संगणक, जाडजूड कोश आणि गोल शिक्का. माणूस पन्नाशीचा, शांत. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, गठ्ठ्यावरच्या लाल शाईकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली.

"पाणीखात्यात होतात ना आपण? माझा अर्ज होता. पाच वेळा."

"असेल," साहेब म्हणाले.

"असेल नाही, होता. पहिल्यांदा नकाशा जोडला नव्हता. दुसऱ्यांदा जोडला, त्यावर उत्तर दिशा दाखवली नव्हती. तिसऱ्यांदा उत्तर दिशा दाखवली, तर सही नकाशावर हवी होती. चौथ्यांदा सहीखाली तारीख नव्हती. पाचव्यांदा तुम्ही लिहिलंत, 'अर्जदार सदर घरात राहतो याचा पुरावा नाही.' अकरा वर्षं राहत होतो हो साहेब तिथं. शेजारून कळशीनं पाणी आणून राहत होतो."

"नियमाप्रमाणेच परत केला असणार."

"नियमाप्रमाणेच," भाषांतरकार म्हणाले. "मीही नियमानंच चालतो. पाच दिवसांनी या. दोघंही या, दोघांच्या सह्या लागतील."

ते पाच दिवस साहेबांनी फॉर्मची अठ्ठावन्न पानं भरण्यात घालवले. वहिनी आता कामापुरतं बोलू लागल्या होत्या, म्हणजे "जेवायला चला" आणि "दार लावा". मुलगी रोज फोन करी आणि फक्त आईशी बोले. तिला डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती आणि ती राहायची तिसऱ्या मजल्यावर. हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते वहिनींच्या बाजूच्या बोलण्यावरून जुळवलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सहाव्या दिवशी दोघं इस्त्रीच्या दुकानाचा जिना चढली. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उद्यावर होता. भाषांतराचा गठ्ठा टेबलावर तयार होता आणि शिक्का त्याच्या शेजारी आडवा पडलेला होता.

"इतका मजेचा मजकूर मी कधी केला नव्हता," भाषांतरकार म्हणाले. त्यांनी मधूनच वाचायला घेतलं. "'विषय : आपण घोरता त्याबाबत.' शेरा, 'आरोप अमान्य. पुरावा जोडावा.' 'विषय : बहिणीकडे चार दिवस जाण्याबाबत.' शेरा, 'मंजूर. दोन दिवस.' 'विषय : काल मला जे बोललात त्याबाबत.' शेरा, 'शब्द मागे घेतले आहेत.' हा एक मी बायकोला घरी वाचून दाखवला. तिनं माझ्याकडे फार वेगळ्या नजरेनं पाहिलं."

साहेब अवघडून बसले. आपली खाजगी दप्तरं अशी चव्हाट्यावर येत आहेत याचं सगळं खापर त्यांनी मनात परदेशी सरकारवर फोडलं.

"तर मग शिक्का मारा," ते म्हणाले.

"अडचण शेवटच्या कागदाची आहे." भाषांतरकारांनी शंभरावी चिठ्ठी वर काढली. "एकोणीस वर्षांपूर्वीची. 'विषय : आपल्या दोघांचा एक फोटो काढून घेण्याबाबत. आपला दोघांचा एकही फोटो नाही. कृपया विचार व्हावा.' शेरा, 'तूर्त निकड नाही. दप्तरी दाखल.'" त्यांनी चष्मा काढला. "साहेब, हा ना मंजूर, ना नामंजूर. मला खाली लिहून द्यावं लागतं की दप्तर पूर्ण आहे. अर्ज असा लोंबकळत ठेवून पूर्ण कसं लिहू?"

"हे तपासण्याचा तुम्हाला अधिकार नाही," साहेब ताठ होऊन म्हणाले. "भाषांतरकारानं भाषांतर करावं."

"बरोबर. पण पूर्ण असल्याचं लिहून देणं माझ्या सहीनं होतं, आणि अपुऱ्या कागदावर मी सही करत नाही. ही सवय मला तुमच्याच खात्यानं लावली." मग ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. साहेबांना भयंकर संताप आला. चौतीस वर्षं जे वाक्य त्यांनी लोकांना दिलं ते ऐकायला कसं लागतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. साथ मिळेल म्हणून त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीतून खाली इस्त्रीच्या कपड्यांकडे बघत होत्या.

"जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं झाली. मी विसरलेसुद्धा होते."

विसरल्या नव्हत्या. सहाशेत्रेचाळीसमधून शंभर निवडताना नेमकी ती त्यांनी घेतली होती आणि सगळ्यांत खाली ठेवली होती. आणि तेव्हा साहेबांचं लक्ष गेलं की इस्त्रीच्या दुकानावरच्या या कोंदट खोलीत यायला वहिनी ठेवणीतली जांभळी साडी नेसून आल्या आहेत. त्या दिवशी कपाट कशाला उघडलं होतं ते त्यांना आत्ता कळलं. राग कुठल्या कुठे गेला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि जुन्या शेऱ्याखाली लिहिलं, 'मंजूर. विलंबाबद्दल खेद आहे.' पाणीखात्याच्या कुठल्याही कागदावर हे दुसरं वाक्य त्यांनी कधी लिहिलेलं नव्हतं.

वहिनींनी चिठ्ठी घेऊन नीट वाचली.

"तारीख घाला," त्या म्हणाल्या.

साहेबांनी तारीख घातली.

फोटोवाला दोन दुकानं सोडून होता. त्यानं दोघांना स्टुलांवर बसवलं, पडदा ओढला आणि साहेबांना हसायला सांगितलं.

"कशाला?"

"फोटोत हसतात, काका."

"असं कुठे लिहिलंय?"

यावर वहिनींना हसू फुटलं, बारा दिवसांचं साठलेलं, आणि तेवढ्यात फोटोवाल्यानं बटण दाबलं. फोटोत वहिनी तोंडाला पदर लावून हसताहेत आणि साहेब त्यांच्याकडे वळून, यात हसण्यासारखं काय आहे, अशा मुद्रेनं बघताहेत. भाषांतरकारांनी फोटो पाहिला, चिठ्ठीवरचा नवा शेरा भाषांतराला जोडला आणि गोल शिक्का सगळीकडे सरळ, ठसठशीत उमटेल असा मारला. साहेबांनी खाली उतरताना पहिल्याच पायरीवर थांबून त्यांना विचारलं, "नळ मिळाला ना शेवटी?"

"मिळाला," ते म्हणाले. "तुम्ही रजेवर गेलात तेव्हा."

दुसऱ्या दिवशी अर्ज केंद्रातल्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिनं अठ्ठावन्न पानं तपासली आणि एकही त्रुटी सापडली नाही. मग तिनं चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. वाचता वाचता तिनं शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी आतल्या कुणाला तरी, आणि घोरण्याचा अर्ज सगळ्या केंद्रात फिरून आला.

"हे पुरेसं आहे," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "इतकं भांडण कुणाला खोटं लिहिता यायचं नाही. फोटो मात्र परत घ्या. फोटो किमान सहा महिने जुना लागतो, हा कालचा आहे."

साहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. एवढा उपद्व्याप करून काढलेला फोटो, आणि तो परत? कुठला नियम, कितवं कलम, नियम जाहीर केव्हा झाला, असे तीन प्रश्न एकदम त्यांच्या ओठांवर आले. पण वहिनींनी फोटो कधीच उचलून पर्समध्ये टाकला होता आणि पर्सची चेन ओढली होती.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मी तो देणारच नव्हते. चला."

तीन महिने लागतात म्हणून सांगितलं होतं, पण परवानगी अकरा आठवड्यांतच आली. पत्र आलं त्या दिवशी साहेबांनी ते दोनदा तपासलं. मुलीच्या तारखेला पंधरा दिवस असताना दोघं विमानात बसली. रिटर्नकाका विमानतळापर्यंत सूचना देत आले होते, आणि साहेबांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या.

खिडकीची जागा साहेबांची होती. तिकिटावर तसं स्पष्ट छापलेलं होतं आणि ते आपल्या जागेवर बसलेही होते. विमान हललं, तेव्हा वहिनींनी पर्समधून एक चतकोर काढला, त्यावर काही लिहिलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. 'मला बाहेरचं बघायचंय.' एवढंच.

साहेबांनी सवयीनं लाल पेन काढलं. कागद उलटसुलट करून पाहिला. वर विषय नव्हता, खाली सही नव्हती, आणि तारीख तर कुठेच नव्हती. त्यांनी पेन परत खिशाला लावलं, पट्टा सोडला आणि उठून वहिनींना आत सरकायला जागा करून दिली.